विलायती बरणी आणि आयेचं मीठ

सकाळी उठून पाहिलं तर अकराही बरण्यांना घाम फुटला होता.

आदल्या दिवशी आम्ही त्या मिठाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरल्या होत्या आणि कारखान्याच्या पडवीत, कोरड्या राखेवर, ओळीने मांडल्या होत्या. आता राख भिजून काळी पडली होती आणि बरण्यांच्या पोटांवर मीठ फुलून आलं होतं. ओळीच्या मधोमध बारावी बरणी होती. तीही तशीच भरलेली. तिच्याखालच्या राखेवर कारखान्याच्या मालकांनी, नाना केरकरांनी, फुंकर मारली, तर राख भुर्रकन उडाली आणि त्यांच्याच मिशांवर बसली.

बारावी बरणी आमची नव्हती. ती विलायतेची होती.

"बघ इस्राम," मिशा पुसत नाना म्हणाले, "ही तुमची चवथी भट्टी. माझ्या आवशीन ह्या बरणीत तीस वर्सां लोणचा घातल्यान, कधी नासला नाय. आणि तुमच्या बरणीतला लोणचा दुसऱ्या दिवशी भायर येऊन रामराम करता."

इस्राम म्हणजे विश्राम, माझे यजमान. तोंडाने मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, पण कागदावर घेते. कागदाला कान नसतात. ते मान खाली घालून उभे होते. शेजारी ताम्हनकर साहेब होते. ते पुण्याकडचे, कपबशांच्या कारखान्यात शिकून आलेले, वयाने इस्रामहून दोनचार वर्षांनीच मोठे.

"नाना, माती चांगली आहे," ताम्हनकर म्हणाले. "माझी झिलई तिला धरत नाही. केसासारखे तडे जातात आणि त्यातून पाणी पाझरतं. अजून एक भट्टी दिलीत तर..."

"भट्टी मी देतंय, लाकडां मी देतंय, कोळसो मी देतंय. आणि तुम्ही माका काय देतास? घाम!" नानांनी हात झटकले. "सोमवारी भट्टी मोडूची. विटा तरी कोणाच्या उपयोगाक येतील."

तो बुधवार होता. सोमवारच्या आदल्या दिवशी रविवार, आणि रविवारी वेंगुर्ल्याहून मुंबईला जाणारी शेवटची बोट. त्यानंतर पावसासाठी दर्या बंद. इस्रामच्या चुलतभावाने मुंबईच्या गिरणीत जागा बघून ठेवली होती. पत्र पोस्टमननेच वाचून दाखवलं होतं. आमच्या वाडीत नऊ घरं होती आणि सात घरांतले पुरुष मुंबईत. ते गणपतीला यायचे, पाच दिवस राहायचे आणि जाताना बायका बंदरावर जाऊन बोट दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहायच्या. मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती. मला बंदरावर उभं राहायचं नव्हतं. भट्टी जमली तर इस्राम राहणार होते, नाही जमली तर जाणार होते. एवढा सरळ हिशेब होता.

"झिलईचा काय नाय, सायबानू," इस्राम हळूच म्हणाले. "चाकाक कोणाचो तरी हात लागलो आसतलो. त्याशिवाय चार चार भट्ट्यो वाया जाऊच्यो नाय."

माझ्या हातातला राखेचा डबा खाली पडला.

"गो अनशे, हातात जीव नाय?" सासू ओरडली.

जीव होता. मी खाली बसून, वर न बघता, सांडलेली राख डब्यात भरायला लागले.

आमच्या कुंभारांच्यात बाईने माती तुडवावी, चाळावी, मडकी थापावी, वाळवावी, डोक्यावरून न्यावी. चाकाला मात्र हात लावायचा नाही. लावला तर चाक कोपतं, भट्टी फुटते. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. आणि तरीही महिन्यापूर्वी एका दुपारी, सगळे पुरुष देवळात सभेला गेले असताना, मी इस्रामच्या चाकावर बसले होते. का, म्हणून विचाराल तर सांगते. माती वर चढते तेव्हा हाताला काय वाटतं, ते मला एकदा बघायचं होतं.

दोन मुठींएवढी बरणी झाली. समोर नानांची विलायती बरणी नमुन्याला ठेवलेली होती, तिच्याकडे बघत केली. तिचा रंग जळत आलेल्या गुळाचा. अंग पपनसाच्या सालीसारखं, बारीक बारीक दाण्यांचं, तरी वरून चकचकीत. इतकी गुळगुळीत झिलई करणाऱ्यांना ती साल कशी जमली, हे ताम्हनकरांनाही उलगडत नव्हतं. तळाशी लांबट गोल शिक्का होता. ताम्हनकरांनी तो वाचून सांगितला होता: बनवणाऱ्याचं नाव, आणि ग्लासगो, म्हणजे स्कॉटलंड. मला तेव्हा मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. अक्षरं मी शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी, गावच्या साक्षरतेच्या वर्गात, नातवाच्या पाटीवर. त्या दुपारी तो शिक्का मला वेलबुट्टी वाटला. चांगली नक्षी आहे म्हणून मी बाभळीच्या काट्याने माझ्या बरणीवर जशीच्या तशी काढली. म्हणजे माझ्या हातून पहिलं लिहिणं झालं ते स्कॉटलंडच्या गावाचं.

ती बरणी मी सुकवली, लपवली, आणि चौथी भट्टी भरताना इस्रामची पाठ वळली तशी आत सरकवली. जागा एकच होती. भट्टीच्या अगदी तोंडाशी, जिथे जाळ थेट आदळतो. तिथे कोणी बरणी ठेवत नाही, तडकते म्हणून.

तडकली नव्हती. भट्टी उघडली तेव्हा ती काजळीने काळीभोर झालेली होती. मी ती पदराखाली घेतली, आणि अकरा बरण्या मिठाच्या पाण्याने भरल्या तेव्हा तीही भरून घरामागच्या राखेच्या ढिगात पुरून ठेवली. कशाला भरली? माझी होती म्हणून. तिचीही परीक्षा व्हायला हवी.

आणि आता चौथी भट्टी कशामुळे बिघडली, हे त्या पडवीत मला एकटीला ठाऊक होतं. पहिल्या तीन कशामुळे बिघडल्या, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही.

मी घरामागे धावले. बरणी उकरायची, फोडायची आणि खाडीत टाकायची, एवढंच डोक्यात होतं. राखेत हात घातला. एका बाजूची राख ओली, चिखल झालेली. बोटं दुसऱ्या बाजूला गेली तर राख कोरडी. ठणठणीत कोरडी.

मी बरणी बाहेर काढली आणि खाडीच्या पाण्यात पदराने घासली. काजळी निघाली. एका अंगाला बरणी आमच्या सगळ्या बरण्यांसारखी, फिकट, घाम आलेली. दुसऱ्या अंगाला जळत्या गुळाचा रंग आणि पपनसाची साल.

मी ती उन्हात धरली. ती चमकली.

खाडीच्या काठावर मी किती वेळ उभी होते, मला आठवत नाही. बरणी बुडवली तर माझं कोणाला कळणार नव्हतं, पण रविवारी इस्राम बोटीत बसणार होते. दाखवली तर कदाचित ते राहतील, पण चाकाला हात लावलेल्या बाईबरोबर राहतील का? मग मी पळत सुटले. कुठल्या बाजूला पळतेय हे पायांना माझ्या आधी कळलं.

पडवीत ताम्हनकर आपली पुस्तकं दोरीने बांधत होते. इस्राम चाकाचा खुंटा उपटत होते. सासू मिरच्या निवडत होती. मी काही न बोलता बरणी ताम्हनकरांच्या पुस्तकांवर ठेवली.

ताम्हनकरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. मग दोरी त्यांच्या हातून सुटली.

"ही कुठली?"

"चवथ्या भट्टीतली."

"भरली होतीस?"

"होय."

त्यांनी ती फिरवून ओलं अंग बघितलं, कोरडं अंग बघितलं. नानांची बरणी ओढून शेजारी ठेवली. दोन्हींवरून एकाच वेळी बोटं फिरवली, डोळे मिटून. मग ते ओरडले, "विश्राम! अरे विश्राम, इकडे ये!"

इस्राम आले. त्यांनी रंग बघितलाच नाही. कुंभार आधी काय बघतो? आत बघतो. आत बोटांच्या वळ्या होत्या. तळाला दोऱ्याने कापल्याची खूण होती.

"ही चाकावरची," ते म्हणाले. "माझ्या हातची न्हय."



"कोणाची ही? चाकाक कोणी हात लावलो?"

माझे ओठ उघडले. पण आवाज आला तो मागून.

"चाकाक हात मी लावलंय," सासू म्हणाली. ती मिरच्याच निवडत होती. "काय करतलंस? माका घराभायर काढतलंस?"

इस्रामचा चेहरा असा झाला, की कोणी त्यांच्या तोंडात मारली असती तरी तसा झाला नसता. "आये... तू?"

"मी. आणि आता गप ऱ्हव. सायब काय सांगतत ता आयक."

ताम्हनकरांना चाकाचं काही पडलं नव्हतं. "ही भट्टीत कुठे होती? कोणी ठेवली?"

"तोंडाशी," मी म्हणाले. कोणी ठेवली ते बोलले नाही.

"कोणतं अंग जाळाकडे?"

मी चमकणाऱ्या अंगावर बोट ठेवलं.

ते धावत मोठ्या भट्टीत शिरले. आतून त्यांचा आवाज घुमत आला, "विटा! तोंडाच्या विटा बघा! काचेसारख्या झाल्यात!" बाहेर आले तेव्हा गुडघे आणि नाक काळं. "हे तुम्हाला आधी दिसलं नव्हतं?"

"सगळ्या भट्टींत दिसता," इस्राम म्हणाले. "आमका वाटा, धुराचा किटण आसतला."

"तोंडातून कोळशाशिवाय आत काय जातं? आठव. कोणी काय टाकलं?"

"कोण काय टाकतलो भट्टीत?" इस्राम म्हणाले. आणि मग ते आणि मी, दोघांनीही एकदमच सासूकडे पाहिलं.

भट्टी ऐन रंगात आली की तिन्हीसांजेला सासू तिची दृष्ट काढायची. सूप घेऊन भट्टीभोवती फिरायची आणि सुपातलं सगळं भट्टीच्या तोंडात लोटायची. ताम्हनकरांना ते आवडत नसे. पहिल्या वेळी ते हसले होते, तेव्हापासून ते चहाला गेले की ती काढायची. सूप धरायला मी.

"आजी," ताम्हनकर तिच्यासमोर उकिडवे बसले, "दृष्ट काढताना काय काय टाकता?"

"तुमका हसाक व्हया?"

"नाही हसत. देवाशप्पथ."

"मीठ. मिरच्यो. मोहरी. आणि वाटेवरची माती, चिमूटभर."

"मिरच्या," ताम्हनकर पुटपुटले. "मोहरी..." मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोराने की सासूच्या मिरच्या सांडल्या. "मीठ! मिठाची वाफ! पुस्तकात एक ओळ होती हो, एकच ओळ, आणि मी ती परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून दिली! ग्लासगोवाले झिलई लावतच नव्हते. ते भट्टीत मीठ टाकत होते. भट्टी पांढरी तापली की मिठाची वाफ होते आणि वाफ मातीवर बसून काच होते. आजी, किती टाकता? किती मुठी?"

"मुठी मोजूच्यो नसतत. मोजल्यो तर दिष्ट निघाची नाय."

"अंदाजे?"

"अंदाजे पण मोजणाच झाला ता."

नानांना बोलावलं. त्यांनी अर्धी कोरडी, अर्धी ओली बरणी चारदा फिरवून बघितली. मग एका शब्दाने विचारलं, "मीठ?"

"मीठ," ताम्हनकर म्हणाले. "गोणीभर."

"मेल्यानू, मिठागर माझ्या मेव्हण्याचा, आणि मी विलायतेहून पुस्तकां मागवत बसलंय!"

त्याच दुपारी गाडी जोडली. इस्राम मिठागरावर गेले आणि दोन गोण्या खडे मीठ घेऊन आले. येताना आणि जाताना आईशी एक शब्द बोलले नाहीत. मोठी भट्टी पेटवून निवायला आठवडा लागला असता, म्हणून ताम्हनकरांची चाचणीची छोटी भट्टी घेतली. माणसाच्या छातीइतक्या उंचीची ती, तिच्यात नऊ बरण्या मावत. मोठ्या भट्टीसाठी इस्रामने केलेल्या कच्च्या बरण्या वाळून तयारच होत्या. त्यांतल्या नऊ निवडल्या आणि संध्याकाळपर्यंत भट्टी भरली.

गुरुवारी उजाडायच्या आत जाळ घातला. दुपारपर्यंत आत लाल झालं. दुपारनंतर केशरी. ताम्हनकर दर थोड्या वेळाने भट्टीच्या भोकातून बघत आणि "अजून, अजून" म्हणत. इस्राम फावड्याने कोळसा टाकत होते. घाम त्यांच्या कोपरांवरून ठिबकत होता, आणि त्या दिवशी प्रथमच मला घाम बघून बरं वाटलं. ऊन कलताना भोकातला रंग असा झाला, की डोळा ठेववेना.

"आता," ताम्हनकर म्हणाले. "मीठ घाला, विश्राम."

इस्रामने फावडं मिठात खुपसलं.

"थांब," सासू म्हणाली. ती सूप घेऊन उभी होती. कुंकू लावलं नव्हतं, विधवाच ती, पण लुगडं धुतलेलं नेसली होती. "ह्या माझा काम. दिष्ट चुलीवरच्या आमटीसारखी कोणीय काढूची नसता."

"आजी, ही दृष्ट नाही, ही रसायनं..."

"रसायन तुमचा आसतला. मीठ माझा आसा." आणि तिने तोंडावर बोट ठेवलं. दृष्ट काढताना बोलायचं नसतं. ताम्हनकर गप्प झाले. तो माणूस मी त्याआधी कधी गप्प झालेला पाहिला नव्हता.

मी सुपात मीठ भरलं. मिरच्या आणि मोहरीही तिने टाकायला लावल्याच. ती भट्टीभोवती फिरली आणि सूप तोंडात रिकामं केलं.

तडतडतड! सगळी भट्टी आतून फुटाण्यासारखी उडायला लागली. मी दुसरं सूप भरलं. मग तिसरं. धुराड्यातून आधी काळा धूर येत होता. बघता बघता तो पांढरा झाला, पांढराशुभ्र, दाट. तो वर जाईना. धुराड्यावरून खाली ओघळला आणि खाडीच्या पाण्यावर पसरला.

"मागे व्हा! वाऱ्याच्या अंगाला!" ताम्हनकर ओरडले. "तो धूर छातीत घेऊ नका!"

वाडीतली माणसं घागरी घेऊन धावत आली. "केरकरांची भट्टी फुटली! आग लागली!" नाना धोतराचा सोगा वर धरून सगळ्यांच्या पुढे. कोणीतरी जाळावर पाणी ओतायला निघालं, त्याला इस्रामने कमरेला धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. सगळी वाडी खोकत होती. मिरच्यांचं काम मिरच्या करत होत्याच. एकटी सासू न खोकता, न बोलता, मागे न बघता फिरत होती. नऊ सुपं झाली असतील. मी मोजली नाहीत. पण ताम्हनकर बोटांवर मोजत होते, हात पाठीमागे लपवून, मी पाहिलं.

"कडं काढ!" शेवटी ते ओरडले.

आत मीठ बसलं का ते कळावं म्हणून भोकापाशी आम्ही मातीची छोटी कडी ठेवली होती. इस्रामने लोखंडी सळई आत घातली, एक कडं अडकवून बाहेर ओढलं आणि वाळूत टाकलं. सगळे त्याच्याभोवती वाकले. कडं आधी पांढरं होतं, मग केशरी, मग लाल. मग काळोखी धरता धरता गुळाच्या रंगाचं झालं. इस्रामने ते चिमट्याने उचललं. ते चमकत होतं.

तिथे नाना होते, साहेब होते, अर्धी वाडी होती. इस्राम सगळ्यांना सोडून आईकडे गेले आणि कडं तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आये, बघ."

ती अजून बोलत नव्हती. तिने फक्त मान हलवली. आणि तोंडावरचा घाम त्यांच्या खांद्यावरच्या पंच्याला पुसला.

शुक्रवारी भट्टीला कोणी हात लावायचा नाही, असं ताम्हनकरांनी बजावलं. घाई केली तर बरण्या तडकतील. तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. इस्रामने ट्रंक भरली. दोन धोतरं, एक घोंगडी. मी ती दुपारी रिकामी केली. संध्याकाळी त्यांनी पुन्हा भरली. शनिवारी सकाळी तीच ट्रंक बाजूला सारून मी झाडलोट केली, आणि दुपारी भट्टी उघडली.

नऊ बरण्या. सगळ्या तपकिरी. एकीवर जाळाची बोटं उमटल्यासारखे पट्टे, एकीचा खांदा जरा काळसर, पण अंग सगळ्यांचं पपनसाचं. नानांनी एकीवर नख वाजवलं. देवळातली बारकी घंटा वाजावी तसा आवाज आला. बरण्या मिठाच्या पाण्याने भरल्या आणि राखेवर मांडल्या. मधोमध विलायती.

रविवारी उजाडताच सगळे पडवीत हजर होते. दूर वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे घुंगरू वाजत होते. बोटीची माणसं निघाली होती.

नाना जमिनीवर ओणवे झाले. पहिल्या बरणीखाली फुंकर मारली. राख उडाली. दुसरी. उडाली. तिसरी, चौथी. विलायतीला त्यांनी फुंकर मारलीच नाही, तिला ओलांडून पुढे गेले. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. राखेने त्यांचं तोंड माकडासारखं झालं होतं आणि कोणाला हसायचं भान नव्हतं. नववी. राख हलली नाही. नानांनी बोट लावलं. ओलसर.

इस्रामने डोळे मिटले.

"नवातली आठ," नाना बसूनच म्हणाले. "मेल्यानू, माझ्या नवांतली आठ पोरांसुद्धा अशी बरी निघाली नाय." आणि मग ते एवढ्याने हसायला लागले, की ताम्हनकरांनी त्यांना पाठीवर थोपटलं. "इस्राम, ट्रंक खंय आसा तुझी? ती हयसर हाड. तिच्यात कोळसो भरून ठेवूया."

तो कारखाना पुढे बारा वर्षं चालला. पण तो वेगळा विषय आहे.

बंदरावर तरीही जायला लागलं. मुंबईच्या भावाला निरोप आणि फणसाच्या साठांची, म्हणजे फणसपोळीची, पुडी द्यायची होती. इस्राम पडावात बसून बोटीपर्यंत गेले, वाडीतल्या एकाच्या हातात पुडी द्यायला. सासू आणि मी वाळूत उभ्या राहिलो. आजूबाजूला बायका डोळे पुसत होत्या. मला हसू येत होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

भोंगा झाला. बोट हलली. इस्रामचा पडाव तिला सोडून किनाऱ्याकडे वळला. तो वळलेला बघितला आणि मग मात्र माझ्या पोटातलं बाहेर आलं.

"आये," मी म्हणाले, "ती बारकी बरणी..."

"तुझी."

मी तिच्याकडे बघितलं. ती दर्याकडे बघत होती.

"तुमका कसा समाजला?"

तिने आपला हात माझ्यासमोर धरला. गाठी आलेली, जाड बोटं. "आतल्यो वळी बारीक आसत. ह्या बोटांच्यो त्यो? आंधळी आसंय मी?"

"मगे तुम्ही खोटां कित्याक सांगितलात?"

"खोटां खंय? चाकाक हात लावलंय, येवढाच मी सांगितलंय. ता खरा." तिने पदर डोक्यावर नीट केला. "ह्येचो बापूस गेलो तेव्हा ह्यो सात वर्सांचो. दिरान विचारल्यान नाय, भावान विचारल्यान नाय. घरात एक चाक होता, आणि एक भुकेलेला पोर. दुपारी दार लावन घेय आणि चाक फिरवी. दोन वर्सां. बाजारात सांगी, मडकी म्हायेरसून येतत. एकय भट्टी फुटाक नाय." पडावातून इस्राम आम्हाला हात करत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "त्या मडक्यांचो भात खाऊन येवढो झालो, आणि माका विचारता, चाकाक कोणी हात लावलो."

 पडाव वाळूला लागला. इस्राम उडी मारून उतरले, गुडघाभर पाण्यातून यायला लागले.

ते पोचायच्या आत ती माझ्या कानाशी वाकली.

"बरणीचो काठ वाकडो आसा तुझ्या," ती म्हणाली. "पुढच्या खेपेक चाक जरा धीम्यान फिरव."